तीन गाठींची तार

आबा, आई आता कायमची माझ्याकडं राहायला आली आहे. गावातल्या घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि आली. सोबत कपड्यांच्या दोन पिशव्या, पितळी तांब्या आणि जुन्या लुगड्यात आवळून बांधलेलं एक गाठोडं. त्यात काय आहे विचारलं तर म्हणाली, "तुजंच हाय, घे." असं कुणी म्हटलं की मी आधी वस्तूकडं बघते, मग माणसाकडं, आणि मगच हात पुढं करते. हा स्वभाव तुमचा. तुम्ही गुळाची ढेप खालून नखानं खरवडून बघायचा. पाहुण्यानं पेढा दिला तर तोंडात टाकण्याआधी तो कशाबद्दल हे विचारायचा. केजच्या बाजारात चप्पल घेताना दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन शिवण तपासायचा, आणि मी लाजून दुसरीकडं बघायचे. आता मी भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघते आणि माझी मुलगी दुसरीकडं बघते.

गाठोडं सोडलं तर आत ते खेळणं निघालं. निळ्या प्लास्टिकचं, ताटाएवढं, दहा मोठी रंगीत बटणं आणि प्रत्येकावर एक प्राणी. कडेला मी तापल्या सळईनं पाडलेलं भोक तसंच आहे, आणि त्यातून लोंबणारी करडी वायरही. मी ते टेबलावर ठेवलं, वर टॉवेल टाकला आणि भात लावायला गेले. आई म्हणाली, "उघडून बघणार न्हाईस व्हय?" मी म्हटलं, बघू. हेच काम करून मी पोट भरते आबा, हे तुम्हाला माहीत नाही. ज्या मुलांचे हात त्यांचं ऐकत नाहीत अशांची इथं एक शाळा आहे. मी खेळण्यांची पोटं फाडते, आत तारा घालते आणि संगणकाला जोडते. कापडी अस्वलाचं पोट दाबलं की पडद्यावर अक्षर उमटतं. खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो. लोक येऊन फोटो काढतात, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी म्हणून विचारतात. मी काहीतरी सांगून टाकते. दूध डेअरीचं नाव काढत नाही, कारण ते काढलं की त्या सकाळचं सांगावं लागेल, आणि त्या सकाळी तुम्ही चारचौघांत मला "गप बस" म्हणालात. का म्हणालात, हे मला आजवर कळलं नव्हतं. संशय मात्र होता, आणि तो तुमच्यावर होता.

तुमचा उजवा हात चारा कापायच्या कडबाकुट्टीनं खाल्ला तेव्हा मी शाळेत होते. अंगठा राहिला आणि तळव्याचा गोळा राहिला. शेतातलं काम सुटलं, पण दूध संस्थेनं तुम्हाला फॅट काढायला, म्हणजे दुधातला स्निग्धांश मोजायला बसवलं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तुम्हाला हवं होतं तसं काम मिळालं. संशय घ्यायचं काम. रोज सकाळी दारात किटल्यांची रांग, आणि तुम्ही प्रत्येक किटलीत नाक घालून मगच झाकण बाजूला ठेवायचा. पाणी घातलेलं दूध तुम्हाला मशीनच्या आधी कळायचं. डाव्या हातात नमुन्याची बाटली धरून ती मशीनच्या नळीखाली लावायची, आकडा आला की मान वर करून तो मोठ्यानं ओरडायचा. "साडेतीन!" "चार पॉईंट दोन!" रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा. शेजारी एकजण लिहायचा. गावाला हा पुकारा हवा असायचा. ज्याला वाचता येत नाही त्यानंही आपल्या दुधाची किंमत कानानं ऐकलेली असायची, शेजाऱ्यानंही ऐकलेली असायची, त्यामुळं मागून कुणाला काही बदलता येत नव्हतं. तुमच्यावर गावाचा भरवसा होता असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात कुणाचा कुणावर नसतो. पण तुमच्या आवाजावर होता.

मग ते कोरडं वर्ष आलं. पहिल्यांदा विहिरी गेल्या, मग हापसे गेले, मग माणसं गेली. ताई आणि दाजी दिवाळीची वाट न बघता ऊसतोडीला निघाले, लेकरू सोबत नेलं. नारायणगडाच्या जत्रेत लेकरासाठी घेतलेलं हे खेळणं मात्र घरीच राहिलं, कारण ताई म्हणाली, तोडीवरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, ह्येचा आवाज ऐकून मुकादम येईल. माझ्या हॉस्टेलला पाणी नाही म्हणून आम्हा पोरींना घरी धाडलं. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते, आणि घरी येऊन बघते तर डेअरीत संगणक आलेला. चेअरमननी तो आणला. त्यांच्या पुतण्यानं बीडला कोर्स केला होता, आणि तो त्या संगणकाभोवती नवरदेवासारखा फिरत होता. आता लिहायचं नाही, पुकारायचं नाही. ज्यानं फॅट काढली त्यानंच आकडा संगणकात टाकायचा, चिठ्ठी छापून येणार. चेअरमन तुम्हाला म्हणाले, "आबा, तुमाला जमतंय का बगा. न्हाई जमलं तर पोरगं बसंल. तुमी आराम करा." आराम हा शब्द त्यांनी इतक्या मायेनं उच्चारला की मलाच घाम फुटला.

डावा हात बाटलीत गुंतलेला, आणि उजव्या तळव्यानं कीबोर्डवर दाबलं की एकदम तीन-तीन आकडे उठायचे. अंगठ्यानं दाबायला गेलात तर तळव्याची कड दुसऱ्याच बटणावर पडायची. पहिल्याच दिवशी एका गाईला तुम्ही एकशे चौतीस फॅट लावलीत. पुतण्या हसला. तुम्ही घरी आलात, जेवला नाहीत, आणि मला म्हणालात, "माय, ती बटनं मुद्दाम बारकी बनवत्यात. जुन्या माणसाला हाकलायला." मला तेव्हा हसू आलं होतं. आज शाळेत मुलं आणणाऱ्या आया हेच वेगळ्या शब्दांत सांगतात, तेव्हा हसू येत नाही.

ताईच्या लेकराचं खेळणं तिथंच कोनाड्यात होतं. बटणं तुमच्या तळव्याएवढी, दोन बटणांत चांगली फट. केजच्या संगणक क्लासच्या मागं मोडक्या कीबोर्डांचा ढीग पडलेला असायचा, त्यातला एक मी मागून आणला. त्याच्या पोटात एक हिरवी पट्टी असते. बटण दाबलं की दोन टोकं जुळतात आणि ती पट्टी संगणकाला सांगते, अमुक आकडा दाबला. टोकं बटणानं जुळोत नाहीतर खिळ्यानं, तिला काही फरक पडत नाही. म्हणजे मला फक्त त्या पट्टीपासून खेळण्याच्या बटणांपर्यंत तारा न्यायच्या होत्या. स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून मी तारांना डाग देऊन सांधे झाळायचे आणि तुम्ही समोर उकिडवे बसून माझ्यावर पहारा ठेवायचा. "ह्येच्यात करंट हाय का?" नाही आबा. "मग चालतंय कशावर?" संगणकातून थोडा येतो. "म्हंजी हाय की! न्हाई कावून म्हनलीस?" आई पलीकडून म्हणायची, पोरीला काम करू द्या. तुम्ही म्हणायचा, काम करू नको म्हनतंय कोन, मी फकस्त इचारतोय.

माझ्याकडं एकाच रंगाच्या तारेचं रीळ होतं. सगळ्या तारा पिवळ्या. तुम्हाला ते पटलं नाही. "सगळ्या एकसारख्या दिसाय लागल्या तर कोनती कशाची, कळंल कसं?" मी म्हटलं, मला कळतं. "तुला कळतंय. उद्या तू हास्टेलला गेलीस की मला कळाया नगं?" आणि आईच्या शिलाईच्या डब्यातला काळा दोरा घेऊन तुम्ही बसलात. एकाच्या तारेला एक गाठ, दोनच्या तारेला दोन, असं नवापर्यंत, आणि शून्याच्या तारेला नुसता दोरा गुंडाळलेला. डाव्या हातानं दोरा धरायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि दातांनी ओढायचा. दुपारभर तेच. मला कंटाळा आला होता आणि रागही, कारण मी झाळलेल्या सांध्याला तुम्ही आधी ओढून बघायचा आणि मगच गाठ मारायचा. एक सांधा तुमच्या ओढण्यानं निसटला. "बग," तुम्ही म्हणालात, "म्हनून वडून बगावं." त्यात तुम्हाला झालेला आनंद मला अजून आठवतो.

खेळण्याचा आवाज मी काढून टाकणार होते. तुम्ही थांबवलंत. "आवाज र्‍हाऊ दे." आबा, डेअरीत कोंबडा आरवला तर लोक हसतील. "हसू दे. पर ऐकत्याल तर खरं." तुमचं डोकं कुठं चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. मग मी प्रत्येक बटणाखाली पत्र्याच्या दोन टिकल्या बसवल्या, एक आवाजाची, एक आकड्याची. दाबलं की दोन्ही एकदम. एक म्हणजे कोंबडा, दोन मांजर, तीन बकरी, चार कुत्रं, पाच घोडा, सहा हत्ती, सात बदक, आठ गाय, नऊ वाघ आणि शून्य म्हणजे बेडूक. गाण्याचं एक लांबट बटण होतं, ते दाबलं की सभासदाचं पुढचं नाव यायचं. नावं रोजच्या रांगेच्या क्रमानं लावलेलीच होती, हातानं टाकायची ती फक्त फॅट, दोन आकडे दाबले की मधला पॉईंट आपोआप पडायचा.

पहिल्या सकाळी गाव इतकं हसलं की किटल्या हिंदकळल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी हसणं थांबलं आणि ऐकणं सुरू झालं. तुमचा पुकारा परत आला होता, फक्त प्राण्यांच्या तोंडून. रांगेत मागं उभ्या असलेल्या बाया सांगायच्या, "बकरी अन् घोडा झाला तुजा, साडेतीन." म्हशीवाल्यांना हत्ती हवा असायचा. हत्ती ओरडला की माणूस मिशीवर हात फिरवत बाहेर पडायचा. पॉईंटाआधी वाघ मात्र कुणाच्याच नशिबी नव्हता. आणि बेडूक वाजला की कुणीतरी म्हणायचंच, "यंदा बेडूक वरडला त्यो डेअरीतच." तुम्ही पडद्याकडं बघायचं सोडून दिलंत. मशीनचा आकडा बघायचा, तळवा ठेवायचा, कान द्यायचा. तळव्याखाली बरोबर प्राणी ओरडला की तुमचा चेहरा थोडा सैल व्हायचा. तुम्हाला समाधान झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे, आणि त्यातलं बरंचसं त्या डेअरीत.

चेअरमनना ते आवडलं नाही. ते दोनदा येऊन बसले, चहा प्याले, आणि जाताना म्हणाले, "आबा, भायेरची मानसं येत्यात बगायला. डेअरी हाय का सर्कस? आवाज काढून टाका." तुम्ही म्हणालात, "आवाज काडला की मी बी उठतो." पुतण्या दारातच उभा होता. तो म्हणाला, "चिठ्ठी येती की छापून. आवाज कशापायी पायजे?" तुम्ही त्याच्याकडं न बघता म्हणालात, "चिठ्ठी तुला वाचता येती बे. समद्यांना न्हाई." त्या दिवसापासून मी त्याच्या हातांवर नजर ठेवू लागले.

त्यानंतरची ती संध्याकाळ. खेळण्याचे सेल उतरले होते, बकरी म्हातारी झाल्यासारखी ओरडत होती. संध्याकाळचं दूध आटोपल्यावर मी डेअरीतच झाकण उघडून नवे सेल घातले, धूळ पुसली, ढिले वाटलेले दोन-तीन सांधे सोडवून परत झाळले. तुम्ही शेजारी बसून बघत होता. तुम्ही ते सांधे ओढून बघायच्या आतच वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला, आणि मी घाईत स्क्रू आवळले. पाच दिवसांनी आलेला टँकर, आबा. आई घरी एकटी, आणि घागरी नंबरात लावलेल्या. आपण दोघं तसेच धावलो. रोज पिशवीत घालून घरी नेलं जाणारं खेळणं त्या दिवशी डेअरीतल्या टेबलावर राहिलं. डेअरीची एक किल्ली तुमच्याकडं होती, आणि दुसरी चेअरमनच्या घरी.

सकाळी पुतण्या छापायच्या मशीनशेजारी उभा. आजवर कधी उभा राहिला नव्हता. आणि प्रत्येक चिठ्ठी फाडून देताना मोठ्यानं वाचत होता. त्याच दिवशी का, हा प्रश्न मला लगेच पडला. पहिल्या एकदोघांच्या आकड्यांत तीन-चार नव्हते. तिसऱ्याला आवाज निघाला त्याहून जास्त फॅट लागली, तो चिठ्ठी खिशात घालून न बोलता सटकला. मग वेशीजवळची म्हातारी आली, एकाच गाईवर घर चालवणारी. तुम्ही बाटली लावली, आकडा बघितला, तळवा ठेवला. कुत्रं भुंकलं, मग बकरी ओरडली. पुतण्यानं वाचलं, "तीन पॉईंट चार." म्हातारी जागची हलेना. "आरं, आदी कुत्रं वरडलं, मंग बकरी. म्या ऐकलंय. चार-तीन झालं की. उलटं कावून सांगतूस?" पुतण्यानं चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. "मी न्हाई सांगत, हे सांगतंय. आबाचं यंत्र सांगतंय." मग तुम्ही पुन्हा दाबलंत. कुत्रं, बकरी. पडद्यावर तीन आणि चार. रांग मोडली. आवाज एक आणि आकडा दुसरा! किती दिवसांपासून चाललंय हे? ज्यांना रोज हत्ती ऐकू यायचा त्यांनाही आता हत्तीचा संशय येऊ लागला. मला वाटतं, तुम्ही नेमकं जे गावाला शिकवलं होतं तेच गाव तुमच्यावर वापरत होतं.

मारुतीच्या पारावर तेव्हाच माणसं जमली. चेअरमन आले. मी खेळणं कडेवर घेऊन तुमच्यामागं गेले आणि म्हटलं, हे इथंच उघडा, सगळ्यांसमोर. मला पक्कं ठाऊक होतं, कुणीतरी तारा बदलल्यात. स्क्रू फिरवायला किती वेळ लागतो! उघडलं असतं तर तुम्ही सुटला असता. तुम्ही वळलात आणि सगळ्या गावासमोर मला म्हणालात, "गप बस. उगडायचं न्हाई." असा आवाज तुम्ही माझ्यावर कधी काढला नव्हता. मग पाराकडं बघून म्हणालात, "चूक झाली. माज्याच हातानं झाली. म्हातारीला तिचं चार-तीन द्या. उद्यापसून पोरगं बसंल." आणि माझ्या कडेवरचं खेळणं ओढून घेतलंत. पुतण्या खाली बघत होता. म्हातारी तेवढी म्हणाली, "आबा, तुमी तर न्हाई करनार असं," पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

आठवड्याच्या आत आपली म्हैस चारा छावणीत गेली. तोवर दूध संस्थेनंच चालवलेल्या त्या छावणीत आपल्याला जागा नव्हती, आई दोनदा हात हलवत परत आली होती. आता जागा झाली. मी तिथंच सगळं जुळवलं. एवढा संशयी माणूस समोर ठेवलेला डबा उघडून बघत नाही, आपल्या अंगावर चूक घेतो, खुर्ची सोडतो, आणि लगेच म्हशीला चारा मिळतो. याचा अर्थ काय लावायचा? मी लावला. तुम्ही तुमचा आवाज कडब्याच्या पेंढीला विकलात, आणि तारा बदलल्यात हेही तुम्हाला आधीच ठाऊक होतं. पाऊस पडून हॉस्टेल उघडलं तेव्हा मी निघाले. तुम्ही जीपपर्यंत पिशवी घेऊन आलात. म्हणालात, "झाळायचं सोडू नगंस." मला ते ऐकून राग आला. तुम्हाला असं म्हणायचा काय अधिकार, असं मनात आलं. त्यानंतर सुट्टीला यायचे, ताटावर बसायचे, विचारलं तेवढं बोलायचे. चार पावसाळ्यांनी तुम्ही गेलात. तोवर डेअरीची गोष्ट आपल्या दोघांत निघाली नाही.

काल दुपारी भाजी निवडताना मी आईला विचारलं. इतक्या वर्षांनी विचारायला काय झालं होतं कोण जाणे, टॉवेलाखालचं ते खेळणं दिसत होतं म्हणून असेल. म्हटलं, आई, म्हशीला छावणीत जागा कुणी मिळवून दिली गं? आई म्हणाली, "कोन मिळवून देतंय. मी म्हस घिऊन फाटकात बसले. दोन दिस उठलेच न्हाई. लोक वलांडून जायाचे. शेवटी कटाळून आत घितली." आबांनी चेअरमनला सांगितलं नाही? आई हसली. "त्येंनी चेरमनच्या दाराचं त्वांड बघितलं न्हाई परत. त्येंनी कशापायी सांगावं?" मग खुर्ची का सोडली? डबा का उघडू दिला नाही? आईनं मेथीची काडी मोडली आणि जणू मला हे कायमच माहीत असावं अशा सुरात म्हणाली, "तुज्यासाठी. आदल्या सांजंला तूच उगडला हुतास ना त्यो डबा? त्येंला वाटलं, तुज्याकडूनच तारंची अदलाबदल झाली. गडबड हुती, टँकर आलता. समद्या गावासमोर उगडला असता तर पोरीची चूक दिसली असती. शिकाय गेलेली पोर, गावानं फाडून खाल्ली असती. कुनाला बोलू नगं, खेळनं तेवडं जपून ठेव म्हनलेते."

मी उठले, टॉवेल काढला, पेचकस घेतला. तुम्ही मला ओळखता, मी रडण्याआधी तपासते. स्क्रू गंजले होते, एकाचं डोकं झिजलं होतं. झाकण उघडलं. आत कोळ्यानं जाळं केलं होतं, सेल फुटून पांढरे झाले होते, आणि पिवळ्या तारांवर तुमच्या काळ्या गाठी होत्या. एक. दोन. तिसऱ्या जागी चार गाठींची तार होती. चौथ्या जागी तीन गाठींची. बाकी सगळे सांधे माझे, गोल, चकाकणारे, ओढून बघितले तरी न हलणारे. या दोन मात्र कापून, नुसत्या पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या. मी आयुष्यात कधी तार पिळून सोडलेली नाही, तुम्ही सोडूच दिली नसती. कुणी केलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि पुरावा म्हणाल तर तो अजूनही नाही, कारण गाठीवर नाव नसतं. पण मी केलं नव्हतं, आबा. एवढं त्या गाठींनी सांगितलं असतं. तुम्ही दातांनी मारलेल्या तुमच्याच गाठी. गुळाची ढेप खरवडणारा माणूस, माझा प्रत्येक सांधा ओढून बघणारा माणूस, त्यानं जन्मात एकदाच न बघता ठरवलं, आणि नेमकं चुकीचं ठरवलं.

मला तुमचा राग आला. अजून आहे. माझ्या हातावर तुमचा भरवसा नव्हता. त्यासाठी तुम्ही खुर्ची सोडलीत, गावाची बोलणी खाल्लीत, माझा अबोला सोसलात, आणि जीपपाशी म्हणालात झाळायचं सोडू नको, म्हणजे पोरीनं एका चुकीपायी हात आखडू नये. तुम्हाला वाटत होतं तुम्ही माझी चूक झाकताय, आणि मला वाटत होतं तुम्ही तुमची झाकताय. घरी आल्यावर दार लावून, आपण दोघांनीच, एकदा उघडून बघितलं असतं तर? पण तुम्हाला ते बघायचं नव्हतं. आत माझी चूक दिसेल याची तुम्हाला भीती होती. आणि आईला सांगून ठेवलंत ते खेळणं जपायला, टाकायला नाही. मी सेल काढले, जाळं पुसलं. तीनची तार तीनला आणि चारची चारला लावली, नीट झाळली, मग ओढून बघितली. नवे सेल घातल्यावर बकरी ओरडली. आई आतून म्हणाली, "आबा आलं का काय?" आणि आम्ही दोघी हसलो, मग हसता हसता आईनं पदर तोंडाला लावला. उद्या हे खेळणं मी शाळेत नेणार आहे. एक नवी मुलगी आली आहे, तिला तळव्यानंच दाबता येतं. आवाज मी ठेवणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून शेवटचं एक लिहिते. गाठोडं आल्यावर मी तीन दिवस त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. आणि त्याआधी इतकी वर्षं, गावी गेले तरी, ते कुठं आहे असं मी आईला एकदाही विचारलं नाही. तुमच्यावरचा राग हे त्याचं कारण मी स्वतःला सांगायचे. काल पहिला स्क्रू फिरवण्याआधी मी आईला भाजी घेऊन आत पाठवलं, आबा. त्या संध्याकाळी टँकरच्या घाईत तार माझ्याकडूनच चुकली असेल, असं मलाही वाटत होतं.